विनिपेगहून आलेली कापडं

पुंजाजी पोस्टमननं सायकल अमृतरावांच्या ओट्याला टेकवली आणि कॅरिअरला बांधलेलं पार्सल सोडवायला घेतलं. दोन हजार पाचचा जानेवारी होता. गोरेगावात तुरीची रास निघाली होती आणि सगळ्या गावाच्या अंगावर तुरीचा भुसा होता, पुंजाजीच्या टोपीवरही.

"गुर्जी, परदेशी माल हाय," पुंजाजी गाठीशी झटत म्हणाला. "तिकिटं बघा कशी, झाडाच्या पानाची. माझ्या नातीसाठी काढून ठेवा बरं."

"ठेवतो," अमृतराव म्हणाले.

"पोरीनं धाडलं दिसतं. काय असंल वो? चॉकलेट म्हणावं तर लई जड हाय."

अमृतरावांनी चष्मा पुसला आणि खोक्यावरची चिठ्ठी वाचली. छापील कुठलाही कागद पुढे आला की तो वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. चाळीस वर्षांची सवय होती. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'यूज्ड क्लोदिंग. नो व्हॅल्यू.' वापरलेले कपडे. किंमत नाही.

खोकं घ्यायला पुढे केलेले हात त्यांनी मागे घेतले.

"आत ठेवू का?" पुंजाजीनं विचारलं.

"न्हाई. इथंच ठेव. ओट्यावर."

पुंजाजी गेला तशा पंचफुलाबाई हात पुसत बाहेर आल्या. खोकं बघून त्यांचा चेहरा उजळला आणि नवऱ्याकडे बघून लगेच उतरला. अमृतरावांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. बाईंना वाचता येत नव्हतं, पण बोट कशावर आहे ते त्यांना कळलं.

"एलेन नावाची बाई हाय तिकडं," त्या म्हणाल्या. "दीक्षाचं गिऱ्हाईक. तिची माय गेली मागच्या साली. मायची कापडं हायत. तिच्या पोरीला लेकरू होणार हाय, तर त्याचं दुपटं करून पाहिजे म्हणली."

"मयताची कापडं," अमृतराव म्हणाले.

"मायची," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"तू मला सांगितलं न्हाईस."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं का तुमी?"

अमृतरावांचा आवाज कधी चढत नसे. वर्गातही चढला नव्हता. पोरं त्यांना 'मुके गुर्जी' म्हणत. आताही ते एवढंच म्हणाले, "हे घरात येणार न्हाई." आणि चप्पल घालून वाचनालयात निघून गेले. निवृत्तीनंतर गावचं वाचनालय संध्याकाळी तेच उघडत. त्या दिवशी त्यांनी ते दुपारीच उघडलं.

वाचनालयात नकाशांचं एक मोठं जुनं पुस्तक होतं. त्याचं कॅनडाचं पान आता आपोआप उघडे, इतक्यांदा ते बघून झालं होतं. विनिपेग हा ठिपका अमृतरावांनी पहिल्यांदा शोधला तो एकोणीसशे नव्याण्णव साली. त्या वर्षी दीक्षा आणि जावई धम्मदीप तिकडे कायमचे राहायला गेले. जावई वसमतचा, इंजिनिअर. पण तिथं त्याची पदवी कुणी धरली नाही, म्हणून तो गोदामात खोकी उचलायला लागला. दीक्षा पावाच्या कारखान्यात पाव भरायची. पोरगी फोनवर हसत सांगायची, "बाबा, इथली नदी गोठते. लोक तिच्यावरून चालत बाजारला जातात." अमृतराव फोन ठेवायचे आणि वाचनालयात जाऊन तो ठिपका पुन्हा काढायचे. गोरेगावच्या शाळेत बाकाखाली लपून पुस्तक वाचणारी ही पोरगी, आपल्यासारखीच बुजरी. ती गोठलेल्या नदीवरून चालते आहे, हे त्यांना डोळ्यांपुढे आणताच येत नसे.

मग तिला मुलगी झाली. पंचफुलाबाईंनी बाळंतविडा पाठवला. टोपडी, झबली, आणि आपल्या जुन्या सुती लुगड्यांचं दुपटं. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन लुगडी सायीसारखी झालेली. त्यांचे चार थर एकावर एक घालून, कडेपासून आत आत येणाऱ्या बारीक धावत्या टाक्यांनी शिवलेलं. नव्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागलं पाहिजे, नवं टोचतं, हे गोरेगावात कुणाला सांगावं लागत नाही. विनिपेगच्या दवाखान्यातली नर्स मात्र ते दुपटं हातात घेऊन उभीच राहिली. गालाला लावलं. दुसरीला बोलावलं. कुठल्या दुकानात मिळतं, म्हणून विचारलं.

"मी म्हणले, दुकानात न्हाई मिळत, माझी माय करते," दीक्षानं फोनवर सांगितलं होतं. "ती म्हणली, मग दुकान काहून न्हाई काढत?"

एवढंच निमित्त. पण दीक्षानं ते धरून ठेवलं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटर फुकट वापरायला मिळत. कारखान्यातून सुटली की ती बाळाला पोटाशी बांधून तिथं जायची, पुस्तकं उघडून बसायची आणि बघून बघून वेबसाइट करायला शिकायची. बाळ रडलं की बाहेर, झोपलं की पुन्हा आत. अमृतरावांना सगळ्या हकिकतीत हेच सगळ्यांत नवल वाटलं. अनामत नाही, ओळख नाही; परक्या गावच्या वाचनालयानं आपल्या पोरीला आत घेतलं आणि पुस्तकांतून तिनं दुकान बांधलं. विटा नाहीत, माती नाही, शटर नाही. ते पंचफुलाबाईंना ते समजावून सांगायला बसत आणि मध्येच थांबत, कारण त्यांचं त्यांनाच पुढचं कळत नसे.

दुकान उघडलं तेव्हा दोघं जीपनं हिंगोलीला गेले. बसस्टँडजवळच्या इंटरनेट कॅफेत अमृतरावांनी दीक्षानं सांगितलेला पत्ता लिहून नेला होता. कॅफेवाल्यानं तो टाकला. आधी नुसतं पांढरं. मग अगदी वर इंग्रजी अक्षरं आली आणि अमृतराव खुर्चीत पुढे सरकले.

"काय लिहिलंय?" बाईंनी कानाशी विचारलं.

"पंचफुला."

"माझं नाव? काहून?"

"दुकानाचं नाव आहे. तुझं."

"अवो, रेशनकार्डावर बी माझं नाव बराबर न्हाई," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग हसता हसता थांबल्या. कारण अक्षरांखाली चित्र उतरायला लागलं होतं. लाइन संथ होती. चित्र एकदम न येता वरून खाली, रेघेमागून रेघ उतरत होतं. जणू कुणी पलीकडून दुपट्याची घडी सावकाश उलगडतं आहे. आधी तांबडा काठ. मग हिरवी चौकट. मग टाके दिसायला लागले, एकेक टाका.

"हे तर माझंच हाय!" पंचफुलाबाई खुर्चीतून उठल्या. "हे बघा, हे बघा, इथं माझा पांढरा दोरा संपला व्हता, निळा लावला. दिसून राहिला का? निळा!"

बाजूच्या पोरांनी माना वळवल्या. एरवी अमृतरावांना अशा वेळी जमिनीत जावंसं वाटायचं. त्या दिवशी ते त्या निळ्या दोऱ्याकडे बघत राहिले. ओट्यावर बसून घातलेला टाका आता जगात कुठंही, कुणालाही दिसत होता.

मग पहिल्या ऑर्डरी आल्या आणि पहिली चूकही झाली. ती चूक अमृतरावांची होती, पण गल्लीतल्या एकीनंही त्यांना अडवलं नाही. पंचफुलाबाई, शेजारच्या सुमनबाई आणि आणखी दोघी-तिघी शिवायला बसणार होत्या. प्रत्येकीनं आपापली जुनी लुगडी काढली आणि ती बघून प्रत्येकीला लाज वाटायला लागली.

"गोऱ्या लोकायच्या लेकरायला आमची नेसून इटलेली लुगडी द्यायची?" सुमनबाई म्हणाल्या. "काय म्हणतील वो गुर्जी? पाव्हण्याला उष्टं वाढल्यावानी झालं."

अमृतरावांना ते तंतोतंत पटलं. उतरलेलं कापड समोरच्याला देणं म्हणजे त्याला कमी लेखणं, हे त्यांच्या हाडात होतं. ते हिंगोलीला गेले, चांगलं कोरं कापड घेऊन आले, आणि बायांनी जीव ओतून त्याची दुपटी शिवली. कोरं कापड ताठ होतं. बायांच्या बोटांना सुया टोचल्या, पण टाका एकीचाही चुकला नाही.

विनिपेगहून फोन आला तेव्हा दीक्षाचा आवाज बसलेला होता. "बाबा, सगळी परत आली. गिऱ्हाईकं म्हणून राहिली, फोटोतलं दुपटं मऊ होतं, हे दुसरंच आहे. तुमी नवं कापड लावलं?"

"चांगलंच लावलं बेटा. उत्तम प्रतीचं."

"बाबा," ती म्हणाली आणि थांबली. रडते आहे की काय, असं त्यांना वाटलं. "नवं तर इथं चौकाचौकात मिळतंय. वीस वर्षं हातानं धुतलेलं कुठं मिळतंय? मी जुनंच विकून राहिले बाबा. तेच विकत घेऊन राहिलेत लोक."

त्यांनी ऐकून घेतलं. बायांनी पुन्हा आपापली लुगडी काढली, पुन्हा शिवलं आणि या वेळी दुपटी परत आली नाहीत. त्यांच्याऐवजी फोटो आले. पिवळ्या केसांची, निळ्या डोळ्यांची बाळं सुमनबाईंच्या लुगड्यात झोपलेली. सुमनबाई तो फोटो घेऊन गावभर फिरल्या. "माझ्या हळदीतलं लुगडं हाय हे. बघा, कॅनडात जाऊन निजलं! मी हिंगोलीच्या पुढं न्हाई गेले, पण माझं लुगडं गेलं." दीक्षानं पावाचा कारखाना सोडला. अमृतराव ते सगळं बघत होते आणि चकित होत होते. पण मनातल्या मनात त्यांनी एक रेघ ओढून ठेवली होती. जुनं असलं तरी ते आपलं आहे. आपल्या अंगावरचं, आपण होऊन दिलेलं. दुसऱ्याचं उतरलेलं या दारात येत नाही.

आणि आता ते आलं होतं.

पार्सल ओट्यावरच राहिलं. पंचफुलाबाईंनी त्याच्यावर प्लास्टिक घातलं. शेळ्या हुंगून गेल्या. येणारा-जाणारा विचारून गेला. सुमनबाई तर त्याच्याशेजारीच येऊन बसायला लागल्या.

"गुर्जी, ह्याला आत घ्या न्हाई तर भाड्याची खोली बघा," त्या म्हणाल्या. "पाव्हणं किती दिस ओट्यावर निजवायचं?"

अमृतराव पुस्तकातून डोकं वर काढत नव्हते. पण वाचतही नव्हते.

रविवारी सकाळी फोन वाजला. तिकडे शनिवारची संध्याकाळ असायची. पंचफुलाबाईंनी रिसीव्हर उचलला, दोन शब्द बोलल्या आणि तो नवऱ्यापुढे धरला. "तुमीच बोला. मी काय सांगू तिला?"

"बाबा, पार्सल पोचलं ना?"

"पोचलं."

"मायनं सुरू केलं?"

"न्हाई. ओट्यावर आहे."

"ओट्यावर? काहून?" दीक्षाचा आवाज बारीक झाला. "बाबा, एलेनबाईच्या पोरीचे दिवस भरत आले. आणि नुसती ती एकटी न्हाई, आणखी लई जणी थांबून राहिल्या. कुणाच्या बापाचे शर्ट, कुणाच्या आजीचे झगे. हे एक चांगलं झालं तर माझं दुकान उभं राहतंय बाबा. न्हाई तर आपल्या लुगड्यांवर किती दिवस? गल्लीतली लुगडी संपत आली."

अमृतरावांना हे माहीत होतं. पोरीचं सगळं त्या खोक्यात अडकलं होतं. त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"दीक्षा, मी तुला कोटाची गोष्ट कधी सांगितली न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी ती कुणालाच सांगितली नव्हती. पंचफुलाबाई चुलीपाशी थांबल्या.

"मी शाळेत होतो. गावातल्या एका मोठ्या घरचा म्हातारा गेला. मयताच्या अंगावरचं कापड आपल्या लोकांकडं यायचं, तसा त्याचा लोकरी कोट माझ्या बापाकडं आला. थंडीचे दिवस. बापानं तो मला घातला. गुडघ्यापर्यंत यायचा. मी वर्गात जाऊन बसलो, ऊब लागली, फार बरं वाटलं. तर त्या घरचा नातू उठला आणि म्हणाला, हा आमच्या आजोबाचा कोट आहे, मेले तवा अंगावर होता. सगळा वर्ग हसला. मास्तर बी हसले." ते थांबले. "मी कोट काढून ठेवला. पुन्हा घातला न्हाई. पुढं छप्पन साल आलं, आपण धम्म घेतला, तवा बापानं घरातली तसली सगळी कापडं बाहेर काढून त्याचा ढीग केला आणि पेटवला. म्हणाला, आजपासून या घरात दुसऱ्याच्या अंगावरचं येणार न्हाई. फाटकं घालू, पण आपलं घालू. मी ते आजवर पाळलं."



"बाबा," दीक्षा हळू म्हणाली, "आजोबांचं ते शेवटचं वाक्य मला माहीत व्हतं. मायनं सांगितलं व्हतं. म्हणूनच मी पण तुमाला एक गोष्ट सांगितली न्हाई."

"कुठली?"

"आमी आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्यापाशी कोट नव्हते. इथला कोट लई महाग. धम्मदीपला काम मिळालं नव्हतं. एका चर्चच्या तळघरात गरिबांसाठी जुनी कापडं ठेवत्यात, तिथून मी एक कोट घेतला. दुसऱ्या कुणा बाईचा. कॉलरच्या आतून तिच्या नावाची पट्टी शिवलेली व्हती. ती मी उसवून काढली. आजोबांचं वाक्य आठवून रडले, पण घातला बाबा. काय करू, बाहेर उणे तीस व्हतं."

अमृतरावांना एकदम वर्ग दिसला, बाकं दिसली. पण त्या बाकावर आता दीक्षा बसलेली होती, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या कोटात.

"कुणी ओळखला का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"न्हाई. एकदा बसस्टॉपवर एक म्हातारी सारखी माझ्याकडं बघून राहिली व्हती. मी घाबरले. म्हणलं, हिचाच असंल, आता बोलंल. ती जवळ आली. तिनं माझं वरचं बटन लावून दिलं आणि म्हणली, पोरी, इथं गळा उघडा ठेवायचा नसतो."

"एवढंच?"

"एवढंच. बस आली, ती निघून गेली."

पृथ्वीच्या पार पलीकडे, गोठलेल्या नदीच्या काठी, एका अनोळखी म्हातारीनं त्यांच्या पोरीच्या गळ्याशी हात नेला होता आणि बटन लावलं होतं. आपल्या आयुष्यात हे शाळेच्या दारात घडायला हवं होतं. ते तिकडे घडलं, इतक्या वर्षांनी, इतक्या लांब. पण घडलं.

"बाबा, तुमी न्हाई म्हणलात तर न्हाई," दीक्षा म्हणत होती. "मी बाईला सांगते, जमणार न्हाई. तुमाला दुखवून मला दुकान नको. पार्सल तसंच परत पाठवा. फक्त एक बघा, त्यातलं काही इकडंतिकडं होऊ देऊ नका. एलेनबाईनं चार चार वेळा बजावलंय. कापताना ज्या चिंध्या पडतील त्या बी परत द्या म्हणली."

"चिंध्या?"

"व्हय. दोऱ्याएवढ्या असल्या तरी."

"काहून?"

"तिच्या मायच्या हायत म्हणून."

फोन ठेवल्यावर अमृतराव ओट्यावर आले. ऊन खोक्यावर आलं होतं. ते त्याच्याशेजारी बसले. बापाला मिळालेला तो कोट देणाऱ्यांनी पुन्हा मागितलासुद्धा नसता. मयताचं कापड घरातून जावं, डोळ्यांपुढून जावं, म्हणूनच ते दिलं जायचं. ज्याला द्यायचं तो माणूस नव्हता, टाकायची जागा होती. हे मात्र कुणी टाकलेलं नव्हतं. एका बाईनं आपली आई खोक्यात घालून, आगबोटी-विमानांवर विश्वास ठेवून, कधी न पाहिलेल्या गोरेगावात पंचफुलाबाईंच्या हातात दिली होती. आणि तिची चिंधीही तिला परत हवी होती. चिठ्ठीवर 'किंमत नाही' असं लिहिलं होतं. ते टपालखात्यासाठी होतं.

त्यांनी खोकं उचललं. खरंच जड होतं. उंबरठ्यावर ते क्षणभर थांबले, भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघितलं, आणि आत गेले.

पंचफुलाबाईंनी विळीनं सुतळी कापली. आतून एक वेगळाच वास आला. कुठल्यातरी लांबच्या घराचा, साबणाचा, लाकडी कपाटाचा. चौकड्यांचे जाड सुती शर्ट, फुलांचे दोन झगे, एक ॲप्रन. बाईंनी एक शर्ट पालथा करून कोपरापाशी धरला.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "कोपर फाटलं तर आतून ठिगळ लावलंय. ह्याच शर्टाच्या शेपटातलं कापड काढून. बाहेरून पत्ता लागत न्हाई. कामाची बाई व्हती."

"शेतकरी होती म्हणे," अमृतराव म्हणाले. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, पण शर्टाची कॉलर उन्हानं विटलेली दिसत होती.

बाईंनी कापडं रिठ्याच्या पाण्यात धुतली आणि गल्लीत दोरीवर वाळत घातली. विनिपेगच्या म्हातारीचे शर्ट गोरेगावच्या वाऱ्यावर हात हलवायला लागले. "आली का पाव्हणी अंघोळ करून?" सुमनबाईंनी विचारलं आणि सुई-दोरा घेऊनच आल्या.

शिवण ओट्यावरच सुरू झालं. अमृतरावांनी आपणहोऊन एक काम मागून घेतलं. चिंध्यांचं. एक कापडी पिशवी घेऊन ते बायांच्या मागे बसले. पुस्तक मांडीवर उघडं, पण डोळे कात्रीवर. कतरण पडली की ते वाकून उचलत. दोऱ्याचा तुकडा दिसला की बोट ओलं करून टिपत. निवृत्त मुख्याध्यापक असा जमिनीवर रांगताना बघून बायांना आधी संकोच वाटला, मग हसू यायला लागलं.

"गुर्जी, माझ्या पदराला काय लागलं ते बी बघून घ्या," सुमनबाई म्हणाल्या. "न्हाई तर चोरी लागंल माझ्यावर कॅनडाची."

अमृतरावांनी खरंच पदर बघितला. दोन धागे होते. ते त्यांनी घेतले.

दुपटं शेवटच्या कोपऱ्यावर आलं त्या दिवशी ते घडलं. पंचफुलाबाईंनी ॲप्रनच्या नाडीचा उरलेला तुकडा कापून बाजूला ठेवला, बोटभर, निळा. अमृतराव पिशवीचं तोंड उघडत होते, तेवढ्यात सुमनबाईंची तांबडी कोंबडी ओट्यावर चढली, नाडी किडा समजून चोचीत धरली आणि गल्लीत पळाली.

"अगं!" पंचफुलाबाई ओरडल्या. "जाऊ द्या, एवढीशी तर हाय..."

पण अमृतराव उठले होते. पुस्तक मांडीवरून पडलं. चप्पलही न घालता ते ओट्यावरून उतरले आणि कोंबडीमागे पळायला लागले. ज्या माणसाला गल्लीत कुणी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, तो सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस धोतराचा सोगा हातात धरून पळत होता आणि ओरडत होता, "धरा! तिला धरा!" कोंबडी तुरीच्या भुशातून गेली, तेही गेले. ती गिरणीच्या मागून वळली, तेही वळले. बायका दारात आल्या. पारावरची माणसं उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "मुके गुर्जी बोलून राहिले रे!" आणि अख्खी गल्ली खदाखदा हसली. सगळा वर्ग हसावा तशी. अमृतरावांनी ते हसू ऐकलं, पण थांबले नाहीत.

हापशापाशी कोंबडी कोपऱ्यात सापडली. त्यांनी दोन्ही हातांनी तिला दाबून धरलं, चोचीतून नाडी सोडवली, कोंबडी सोडून दिली आणि तिथंच धपापत खाली बसले. पंचा, धोतर, मिशा, सगळ्यावर भुसा.

सुमनबाई मागून पळत आल्या होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय हो गुर्जी, बोटभर चिंधी ती. काय हाय एवढं त्यात?"

अमृतरावांनी निळ्या नाडीवरची माती फुंकली. ती तळहातावर नीट सरळ केली आणि मूठ मिटली.

"लोकाचं आहे बाई," ते धापा टाकत म्हणाले. "परत द्यायचं आहे."